मागून आलेले एकवीसशे

ध्वनिमुद्रणशास्त्रात गोंगाटाची व्याख्या आवाजाच्या मोठेपणावरून केली जात नाही, ती हेतूवरून केली जाते. जो आवाज टिपायचा आहे त्यास संकेत म्हणतात, आणि त्याच वेळी माइकमध्ये आमंत्रणावाचून शिरलेल्या प्रत्येक आवाजास गोंगाट म्हणतात, मग तो कितीही सुरेल, उपयुक्त अथवा वडीलधाऱ्या माणसाचा असो. ही व्याख्या पुस्तकात निरुपद्रवी दिसते. घरात मात्र ती लागू करता येत नाही, कारण घरातील एकही व्यक्ती स्वतःस गोंगाट म्हणवून घेण्यास राजी नसते, आणि बहुतेकांच्या मते घरातील खरा गोंगाट म्हणजे बंद खोलीत एकट्याने मोठमोठ्याने बोलणारा तो मुद्रणकर्ताच असतो.

या विषयाच्या अभ्यासास लासलगावासारखे दुसरे गाव सापडणे कठीण आहे. नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्याच्या या गावात १९४७ पासून कृषी उत्पन्न बाजार समिती असून तिची ख्याती आशियातील सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ अशी आहे, आणि मुंबई–भुसावळ हा हमरस्त्यासारखा वाहता रेल्वेमार्ग गावास लागूनच जातो. अशा गावात घरगुती ध्वनिमुद्रण करण्याचे धाडस कोण करते, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. २०२० च्या टाळेबंदीत ते शिक्षकांना करावे लागले. हरिपाठ आणि प्रवचने मोबाइलवर टिपणारे भाविक ते नित्य करतात. परंतु या गावाची स्वतःची म्हणता येईल अशी जात म्हणजे रोजचे कांदा बाजारभाव सांगणारा निवेदक होय, जो दुपारी घरी येऊन दार लावतो, मोबाइल डब्यावर टेकवतो आणि लाल कांदा, उन्हाळ कांदा व गोल्टी यांचे किमान, कमाल व सरासरी दर प्रतिक्विंटल, शक्य तितक्या गंभीर स्वरात, राज्यभरच्या शेतकऱ्यांना ऐकवतो.

त्याच्या मार्गात येणाऱ्या आवाजांची दिनचर्या ठरलेली आहे. पहाटे द्राक्षबागांतील औषधफवारणीचे ब्लोअर सुरू होतात, आणि निफाड तालुका द्राक्षांचाही तालुका असल्यामुळे कांद्याच्या गोंगाटातून सुटलेला प्राणी द्राक्षाच्या गोंगाटात सापडतो. सकाळी बाजार आवाराच्या दिशेने ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते, आणि त्यांतील काही चालकांनी आपल्या वाहनाचा सायलेन्सर ही ऐच्छिक वस्तू मानलेली असते, तर काहींनी ध्वनिवर्धकावरील गाण्यास आवश्यक वस्तू मानलेले असते. त्यानंतर लिलाव, मग भुईकाट्यावरचे हॉर्न, मग व्यापाऱ्यांच्या खळ्यांवर ट्रॉल्या रिकाम्या होण्याचा आवाज, आणि या सगळ्यांस व्यापून रेल्वे. मोजायचेच झाले तर, या गावात निःशब्दपणे चालणारा मोठा उद्योग एकच आहे, तो म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये उभारलेला ‘कृषक’ हा विकिरण प्रकल्प, ज्यात कोबाल्ट-६० पासून निघणारे गॅमा किरण कांद्यास कोंब येऊ देत नाहीत आणि हे करताना चकार शब्द काढत नाहीत. तेथे माल घेऊन येणाऱ्या ट्रकांविषयी मात्र असे म्हणता येत नाही.

रेल्वे आणि ध्वनिमुद्रण यांचे वैर जुने आहे, आणि त्यात निवेदकास थोर पूर्वज लाभले आहेत. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात झळकलेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाचे चित्रण ज्या स्टुडिओत झाले तो रेल्वेमार्गालगत होता आणि त्यात ध्वनिरोधक दालन नव्हते, त्यामुळे दिग्दर्शक अर्देशिर इराणी यांना बराचसा भाग मध्यरात्रीनंतर, गाड्यांची ये-जा थांबल्यावर, चित्रित करावा लागला. मूकपटांतून नावारूपास आलेले मास्टर विठ्ठल हे त्याचे नायक होते, आणि त्या नायकास आपले शौर्य दोन लोकलगाड्यांच्या वेळापत्रकात बसवावे लागले. लासलगावात हा उपाय चालत नाही. मुंबईची लोकल रात्री झोपते, परंतु भुसावळकडे जाणाऱ्या मेल, एक्स्प्रेस आणि मालगाड्या याच वेळी जाग्या होतात, आणि फाटक जवळ आले की त्या शिट्टी वाजवून स्वतःच्या जागेपणाची खात्रीही देतात. शिवाय रात्री दोन वाजता कांद्याचा भाव मोठ्याने सांगणाऱ्या माणसाबद्दल शेजारी काय समजतील, हा प्रश्न इराणींपुढे नव्हता.

कायद्याची मदत होईल असे वाटत असेल तर तीही मर्यादित आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. परंतु ज्या घराच्या पुढच्या खोलीत खत-औषधांचे दुकान, मागच्या अंगणात कांदा चाळ आणि मधल्या खोलीत ध्वनिमुद्रण असते, ते घर निवासी की व्यापारी याचा निकाल लागेपर्यंत उन्हाळ कांद्याचा हंगाम संपून लाल कांदा बाजारात येतो.

म्हणून शास्त्राकडे वळावे लागते, आणि शास्त्राचा पहिला सल्ला लाजिरवाणा वाटावा इतका स्वस्त आहे. मुद्रणाची प्रत ठरते ती संकेत आणि गोंगाट यांच्या गुणोत्तरावरून, म्हणजे बोलणाऱ्याचा आवाज मागच्या आवाजाहून किती डेसिबलने वर आहे यावरून. डेसिबल हे लघुगणकीय माप असल्यामुळे दहाने वाढले की आवाजाची शक्ती दसपट होते. आता उगमापासूनचे अंतर निम्मे केले असता आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते, आणि ट्रॅक्टर चौकातच असल्यामुळे त्याची पातळी जिथल्या तिथे राहते. दोन वितींचा एक हात हे जुने माप येथे उपयोगी पडते. हातभर अंतरावरचा माइक वीतभर अंतरावर आणला तर ६ डेसिबल पदरात पडतात, अर्ध्या वितीवर आणला तर आणखी ६, आणि या १२ डेसिबलांसाठी एक रुपयाही मोजावा लागत नाही. तरीही माणसे माइकपासून हातभर दूर बसून दुकानात महागड्या माइकची चौकशी करतात, कारण जवळ सरकण्यात खरेदीचा आनंद नसतो.

जवळ सरकण्याची एक किंमत आहे, ती मराठी वर्णमालेने वसूल केली आहे. ओठ मिटून उच्चारल्या जाणाऱ्या प, फ, ब, भ या वर्णांबरोबर हवेचा झोत बाहेर पडतो आणि तो माइकच्या पडद्यावर आदळून मुद्रणात धप्पकन आवाज होतो. त्यावर तोंडासमोर जाळीचे पॉप फिल्टर लावणे किंवा माइकच्या किंचित बाजूने बोलणे हे दोन इलाज आहेत. आता ज्याचा सारा व्यवसाय ‘बाजारभाव’ या शब्दावर उभा आहे, ज्याच्या प्रत्येक वाक्यात पिंपळगाव बसवंत येते आणि ज्याच्या बातमीत दर आठवड्यास भाव पडतात, त्याच्या माइकने किती सोसावे यास सीमा नाही. बाजूने बोलण्याचा सल्ला बहुतेक निवेदक मानतातही, परंतु भाव चांगला निघाला की उत्साहाच्या भरात तोंड पुन्हा समोर येते, आणि श्रोत्यास तेजी आधी धपक्यावरून कळते, आकडा नंतर ऐकू येतो.

दुसरा सल्ला गोधडीचा आहे, आणि त्याविषयी जेवढा गैरसमज आहे तेवढा अन्य कशाहीविषयी नसावा. रिकाम्या खोलीत आवाज भिंतीवरून परावर्तित होऊन पुनःपुन्हा माइककडे येतो, त्यास अनुरणन म्हणतात, आणि त्यामुळे निवेदक विहिरीत उतरून भाव सांगत आहे असे वाटते. गोधड्या, गाद्या, कपड्यांनी भरलेले कपाट किंवा ज्यूटचे बारदान यांसारखे सच्छिद्र पदार्थ या परावर्तित आवाजाची ऊर्जा शोषून घेतात. येथपर्यंत गोधडीचे कर्तृत्व निर्विवाद आहे. परंतु शोषण म्हणजे रोध नव्हे. खोलीत जन्मलेला आवाज खोलीत घुमू न देणे हे गोधडीचे काम आहे, तर बाहेरचा आवाज आत न येऊ देणे हे वजनदार, फट नसलेल्या भिंतीचे काम आहे. ट्रॅक्टरच्या इंजिनातील १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदास शंभर कंपनांच्या, घुमाऱ्याची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर असते आणि तो नीट शोषायचा तर शोषक थर तिच्या पाव भागाइतका, म्हणजे सुमारे ८५ सेंटिमीटर जाडीचा असावा लागतो. एवढ्या गोधड्या एका खोलीत जमवायच्या तर घरात निदान चार-पाच सोयरिकी तरी जुळून याव्या लागतील. दाराला गोधडी टांगून ट्रॅक्टर थांबण्याची वाट पाहणारा मनुष्य म्हणूनच करुण दिसतो. त्याचा स्वतःचा आवाज तेवढा मऊ होतो आणि त्या मऊपणामुळे मागचा ट्रॅक्टर अधिकच स्पष्ट ऐकू येतो.

रोधाच्या बाबतीत जुन्या घरांनी नव्या घरांवर मात केली आहे, हे कबूल करावे लागते. भिंतीचे वजन दुप्पट केले की तिच्यातून पार होणारा आवाज ढोबळमानाने ५ ते ६ डेसिबलने घटतो, आणि धाब्याच्या घराची दीड-दोन फुटी मातीची भिंत व लहानशी खिडकी यांपुढे चार इंची विटेची भिंत आणि वरचे पत्रे हा प्रकार ध्वनीच्या दृष्टीने केवळ औपचारिक ठरतो. धाब्याचे घर पाडून बंगला बांधणाऱ्याने ध्वनिमुद्रणाची उत्तम खोली ट्रॉलीत भरून फेकून दिलेली असते. कांदा चाळीत जाऊन मुद्रण करण्याची कल्पनाही काहींना सुचते, कारण तेथे एकांत असतो. परंतु चाळीची सारी रचना कांद्यास खालून व बाजूंनी वारा लागावा म्हणून केलेली असते, आणि जेथून वारा जातो तेथून आवाज जातोच, त्यामुळे कांदा टिकवणारी जागा मुद्रण टिकू देत नाही.

बाहेरचा शत्रू असा अजिंक्य असताना घरातल्या शत्रूंची यादी तपासणे अधिक फलदायी ठरते. पंखा, फ्रिज आणि कूलर हे अखंड आवाज करणारे. शिवाय भारतातील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे सदोष वायर किंवा चार्जरमधून ५० आणि तिच्या पटीतील १००, १५० हर्ट्झची गुणगुण मुद्रणात शिरते, आणि चार्जर काढून मोबाइल बॅटरीवर चालवला की ती बहुधा नाहीशी होते. हे सर्व शत्रू एकाच क्षणी गारद करणारी एक घटना ग्रामीण महाराष्ट्रात वारंवार घडते, ती म्हणजे लाइट जाणे. त्या क्षणी पंखा थांबतो, फ्रिज थरथरून गप्प होतो, गिरणी मंदावते, आणि व्यावसायिक स्टुडिओस हेवा वाटावा अशी स्थिती घरात निर्माण होते. ती सुमारे वीस सेकंद टिकते, कारण त्यानंतर गल्लीतील सर्व घरांतील माणसे ओट्यावर येऊन एकमेकांना ‘तुमची पण गेली का?’ असे विचारू लागतात, आणि सर्वांचीच गेली आहे हे सिद्ध झाल्यावर मिळणाऱ्या समाधानातून पुढील चर्चा वाढत जाते.

घरच्या माणसांचा विषय येथेच घ्यावा लागेल. ‘जरा पाच मिनिटे शांत राहा’ ही विनंती ऐकताच कुटुंब जे करते त्यास शांतता म्हणता येत नाही, ती शांततेची अंमलबजावणी असते. एरवी सहज ओट्यावर ठेवले जाणारे पातेले आता इतक्या सावकाश ठेवले जाते की त्याचा आवाज चौपट लांबतो. दार हळू ढकलल्यामुळे बिजागरीस आपले संपूर्ण मनोगत व्यक्त करता येते. लहान मुलास गप्प करणारे ‘शूऽऽ’ हे मुलाच्या बोलण्यापेक्षा माइकला अधिक लागते, कारण त्यातील ऊर्जा नेमकी त्या उंच कंप्रतांवर असते जेथे माइकची संवेदना तीक्ष्ण असते. कुकर मात्र कोणाचेही ऐकत नाही. तिसरी शिट्टी होऊन गेली असे समजून निवेदकाने ‘कमाल भाव’ म्हणावे आणि नेमकी त्याच वेळी चौथी व्हावी, यास योगायोग म्हणणे अवघड आहे.

इतके सगळे झाल्यावर जो गोंगाट उरतो त्यासाठी संगणकीय उपाय आहेत. १९७९ मध्ये स्टीव्हन बोल यांनी मांडलेली वर्णपट-वजाबाकीची पद्धत त्यांतली मूलभूत होय. तिच्यात आधी केवळ गोंगाटाचा काही सेकंदांचा नमुना घेतला जातो, त्यात कोणत्या कंप्रतांवर किती ऊर्जा आहे हे मोजले जाते, आणि मग संपूर्ण मुद्रणातून तेवढी ऊर्जा वजा केली जाते. २००० साली प्रसृत झालेल्या ‘ऑडॅसिटी’ या मोफत प्रणालीतील गोंगाट घटवण्याची सोयही नमुन्याच्याच तत्त्वावर बेतलेली आहे. या पद्धतीस घराकडून एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे कोणीही न बोलता काढलेले पाच सेकंद. अनुभवी निरीक्षकांच्या मते पाचपैकी चौथ्या सेकंदास दाराआडून ‘झालं का?’ असा प्रश्न येतोच. तो नमुन्यात सापडला की यंत्र माणसाच्या आवाजाच्या कंप्रतांसच गोंगाट समजते आणि पुढच्या सात मिनिटांतील निवेदकाचा गळा त्याच मापाने कापत जाते. उरतो तो एक पोकळ, किणकिणणारा, पाण्याखालून आल्यासारखा स्वर, ज्यात कांद्याचा भाव आणि परग्रहावरील हवामान यांत भेद करता येत नाही.

गोंगाट कमी करण्याच्या या शास्त्राचा भारताशी एक संबंध आहे, तो महाराष्ट्राने विसरू नये. टेपवरील खरखर घटवणाऱ्या पद्धतीचे जनक रे डॉल्बी हे १९६३ पासून सुमारे दोन वर्षे संयुक्त राष्ट्रांचे सल्लागार म्हणून चंडीगडच्या वैज्ञानिक उपकरण संस्थेत होते, आणि येथून परत गेल्यावर १९६५ मध्ये त्यांनी लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा स्थापन केली. ज्या गृहस्थाने आयुष्य खरखर घटवण्यात घालवले, त्याचेच आडनाव महाराष्ट्राने वरातीपुढे चालणाऱ्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीस बहाल केले आहे, आणि लग्नसराईत ती भिंत गल्लीत शिरली की निवेदकास त्या दिवशीचे भाव लेखी कळवण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

परंतु लासलगावचा खास प्रश्न वरातीचा नाही आणि रेल्वेचाही नाही. पंख्यासारखा एकसुरी गोंगाट यंत्रास वजा करता येतो. आगगाडीचा खालचा घुमारा ८० हर्ट्झच्या खालचे सर्व कापणाऱ्या गाळणीने बराच उतरतो. अलीकडची कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने तर मानवी बोलणे तेवढे ठेवून बाकी सर्व पुसण्यासच शिकवलेली आहेत. नेमकी येथे अडचण येते, कारण बाजार आवाराजवळच्या घरात शिरणारा गोंगाट हा ट्रॅक्टर बंद झाल्यावर मानवी बोलणेच असतो. आवारात वाहनांच्या रांगेतून व्यापाऱ्यांचा घोळका पुढे सरकत असतो, समितीचा कर्मचारी बोली पुकारत असतो, आणि यंत्राच्या दृष्टीने तो पुकारा निर्दोष, स्पष्ट, जपण्याजोगा मानवी स्वर असतो. म्हणून ते ट्रॅक्टर, पंखा, कुकर आणि कावळे यांना पुसून टाकते आणि पुकारा अधिक उजळून पुढे आणते. परिणामी, निवेदक गंभीरपणे ‘सरासरी अठराशे’ म्हणत असताना मागून दुसराच आवाज ‘एकवीसशे’ म्हणतो. सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्याने यांपैकी कोणता आकडा धरावा? अनुभव असा की तो मागचा धरतो. पुढचा माणूस सांगतो आहे, मागचा घेतो आहे, असा त्याचा तर्क असतो, आणि त्या तर्कात दोष काढणे कठीण आहे.

यावर आवार बंद असताना मुद्रण करावे, असा सल्ला कोणी देईल. अमावास्येस लिलाव बंद ठेवण्याची प्रथा या भागातील बाजार समित्यांत दीर्घकाळ होती, त्यामुळे महिन्यातून एक दिवस पंचांगानेच ध्वनिशुद्धीची सोय केलेली असे. त्याहून मोठ्या शांतता सरकारी निर्णयांतून निपजल्या. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावल्यानंतर नाशिक जिल्ह्यातील व्यापाऱ्यांनी २० सप्टेंबरपासून लिलावांवर बहिष्कार टाकला, आणि ते दिवस, निव्वळ संकेत-गोंगाट गुणोत्तराच्या दृष्टीने पाहिले तर, लासलगावच्या ध्वनिमुद्रणाचे सुवर्णयुग होते. एकही ट्रॉली नाही, एकही पुकारा नाही, भुईकाटा मुका. एवढ्या स्वच्छ पार्श्वभूमीवर सांगण्यासारखा भाव मात्र नव्हता.

उलट बाजूने पाहता, स्वच्छ मुद्रणावर श्रोत्याचाच विश्वास नसतो. वीतभर अंतर, गोधडी, गाळणी आणि वजाबाकी असे सर्व संस्कार करून निघालेला आवाज ऐकताच, हा मनुष्य मार्केटात गेलाच नाही, घरात बसून आकडे वाचतो आहे, असा आक्षेप शेतकरी घेतो. आणि ज्याच्या मुद्रणात हॉर्न, हमालांची हाकाटी आणि कोणाचे तरी वैतागलेले ‘ट्रॅक्टर पुढे घे ना’ स्पष्ट ऐकू येते, त्याचा भाव प्रमाण मानला जातो. अनेकांचे श्रम गोंगाट काढण्यात गेल्यानंतर तो परत घालण्याची वेळ अशी येते. त्याची शास्त्रशुद्ध कृती अशी की, आवारात जाऊन दहा मिनिटे निव्वळ लिलाव टिपावा, घरी स्वच्छ निवेदन वेगळे करावे आणि लिलाव त्याच्याखाली सुमारे २० डेसिबलने हळू ठेवून दोन्ही जोडावे. बोली अस्पष्ट राहिल्यामुळे आकड्यांची टक्कर टळते आणि वातावरणही राहते. मात्र एकदा टिपलेला लिलाव चांगला जमला की तोच रोज वापरण्याचा मोह आवरत नाही, आणि मग बाजार समितीस सुट्टी असलेल्या रविवारी ‘शेतकरी बांधवांनो, आज लिलाव पूर्णपणे बंद आहेत’ या निवेदनाखाली ट्रॅक्टरांच्या हॉर्नसह जोरदार लिलाव चाललेला ऐकू येतो.